मंगळवारचं कंट्री मंडळ

भुसावळला आमच्या रेल्वे क्वार्टरच्या भिंतीला भिंत लावून एक अँग्लो-इंडियन जोडपं राहत असे. अंकल मेल गाडीचे ड्रायव्हर होते. ड्यूटी नसली की दुपारी अंगणात वेताची खुर्ची टाकायचे, गिटार मांडीवर घ्यायचे आणि अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांची गाणी म्हणायचे. घोडे, आगगाड्या, लांब कुठे तरी राहिलेलं घर, न आलेलं पत्र. ह्याला कंट्री म्हणतात हे मला पुष्कळ उशिरा कळलं. माझ्यासाठी ती 'अंकलची गाणी' होती.

मी मराठी शाळेत पाचवीत होते. इंग्रजी म्हणजे नुकतीच झालेली मुळाक्षरं. पण कान बरा होता. अंकल म्हणत ते मी शंभरपानी वहीत देवनागरीत लिहून घ्यायचे आणि भांडी घासताना म्हणायचे. आई म्हणायची, "हिला तरी कळतंय का ही काय म्हणतेय?" वडील मालगाडीचे गार्ड, रात्रपाळीहून येऊन पडलेले असत. ते पांघरुणातूनच म्हणायचे, "म्हणू दे. सुरात म्हणतेय ना?"

रेल्वे इन्स्टिट्यूट म्हणजे आमच्या कॉलनीचा क्लब. कॅरम, बॅडमिंटन, हाऊजी आणि लाकडी जमिनीचा मोठा हॉल. नाताळच्या कार्यक्रमात अंकलनी मला तिथे उभं केलं. माइक माझ्या डोक्याच्या वर होता, म्हणून कोणी तरी सोड्याच्या बाटल्यांचं खोकं पालथं घालून दिलं. दोन वेण्या, परकर-पोलकं आणि तोंडात टेक्सासची धूळ. गाणं संपल्यावर हॉलमध्ये ज्या टाळ्या झाल्या, त्यांत गार्ड, फायरमन, टीसी, त्यांच्या बायका, सगळे होते. मला गाण्याइतकाच त्या हॉलचा नाद लागला. एकाच छपराखाली येऊन बसणारी, एकमेकांची नीट ओळख असलेली, तरी त्या संध्याकाळी थोडी वेगळी दिसणारी माणसं.

तो नाद सुटला नाही. पुण्यात लग्न होऊन आले तर सोसायटीचं महिला मंडळ, गणेशोत्सवाची समिती, भोंडला, ऑफिसचं स्नेहसंमेलन, सगळीकडे मी हजर. स्नेहसंमेलनात मी कंट्री म्हटलं की लोक सभ्यपणे टाळ्या वाजवत आणि मग म्हणत, "आता एखादं आपलं होऊन जाऊ दे." मी आपलंही म्हणायचे. मला वाईट वाटत नसे. फक्त माझ्याबरोबर दुसरा आवाज, म्हणजे त्याच गाण्याला जोडून खालचा सूर, धरणारं कोणी मिळालं नाही, एवढं खरं.

नवऱ्याला रेगेन्सबर्गच्या मोटार कारखान्यात नोकरी मिळाली तेव्हा मी चव्वेचाळिशीत होते आणि लेक बारा वर्षांची. मला एका लहान इंजिनिअरिंग ऑफिसात ड्रॉइंग तपासायचं अर्धवेळ काम मिळालं. पहिलं वर्ष जर्मन शिकण्यात आणि कचरा कुठल्या डब्यात टाकायचा ते समजून घेण्यात गेलं. माणसं चांगली होती, पण जो तो आपल्या दाराआड. लेक हँडबॉल खेळायला लागली. तिला मैत्रिणी मिळाल्या आणि वर्षभरात ती माझ्या मराठी प्रश्नांना जर्मनमध्ये उत्तरं देऊ लागली.

एकदा तिला हँडबॉलच्या मॅचसाठी वीसेक किलोमीटरवरच्या एका खेड्यात घेऊन गेलो होतो. हॉलच्या दारावर एक कागद चिकटवलेला. गाढवाएवढी मोठी हॅट, खाली गिटार आणि 'कंट्री-आबेंड', म्हणजे कंट्री गाण्यांची संध्याकाळ, 'शनिवारी, नेमबाजांच्या क्लबघरात'. मी तिथेच थांबले. लेक म्हणाली, "मामा, नाइन." म्हणजे आई, नको. तिनं माझा चेहरा वाचला होता.

शनिवारी आम्ही तिघं गेलो. क्लबघर म्हणजे लाकडी बाकांचा हॉल. भिंतींवर हरणांची शिंगं आणि जुन्या नेमबाजांची पदकं. आणि बाकांवर बसलेले ते लोक! बव्हेरियातले शेतकरी, सुतार, शाळेचे शिपाई, बँकेतल्या बायका, सगळे काउबॉय झालेले. झालरीची जाकिटं, चामड्याचे बूट, कमरेला ताटाएवढी बक्कलं. पुढ्यात बिअर आणि बटाट्याचं सॅलड.

नवरा दारातच माझ्या कानाशी म्हणाला, "अगं, बसायचं की पळायचं?"

"बसायचं, अहो," मी म्हटलं.

मध्यंतरानंतर स्टेज सगळ्यांना खुलं होतं. मी कशी उठले ते आठवत नाही, पण उठले. कंबरेवर बास गिटार टेकवलेल्या एका थोराड बाईनं विचारलं, "कुठल्या पट्टीत?" मला पट्ट्यांची इंग्रजी नावं धड माहीत नव्हती. मी नुसता सूर लावून दाखवला. तिनं भुवया उंचावल्या, मागे वळून इतरांना पट्टीचं अक्षर सांगितलं आणि पायानं ठेका दिला. दुसऱ्या कडव्याला तिनं माझ्याखाली दुसरा आवाज धरला. पस्तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं, न विचारता, हरणाच्या शिंगांखाली झालं. मला पुढची ओळ म्हणता म्हणता रडू येत होतं आणि रडलं तर सूर जाईल म्हणून मी रडले नाही.

ती बाई त्या फेराइनची, म्हणजे मंडळाची अध्यक्ष. पोस्टातून निवृत्त झालेली. आयुष्यभर त्याच पंचक्रोशीत पत्रं वाटलेली, त्यामुळे कुठल्या घरात कोण आजारी आहे आणि कुठला कुत्रा चावतो हे तिला पाठ. मी खाली उतरल्यावर तिनं फक्त दोन शब्द सांगितले, "मंगळवारी. साडेसात." आणि हातात सभासदत्वाचा अर्ज दिला. जन्मस्थळाच्या रकान्यात मी 'भुसावळ' लिहिलं. तिनं ते वाचायचा तीनदा प्रयत्न केला आणि म्हणाली, "पत्र बरोबर पोचलं असतं, पण मी गावाचं नाव नसतं घेतलं."

मग माझे मंगळवार ठरून गेले. साडेसात म्हणजे साडेसात. सात एकतीसला पोचलं तर सगळे घड्याळाकडे नाही, तुमच्याकडे बघतात. आमच्यात स्टील गिटार वाजवणारा एक म्हातारा अमेरिकन होता. तरुणपणी सैन्यातून इकडे आला, गावातल्या मुलीशी लग्न केलं आणि परत गेलाच नाही. पुढे त्यानं शाळेची बस चालवली. सगळ्या मंडळात ज्याची ही गाणी जन्माची होती असा तो एकटाच, पण त्याचं त्याला काही वाटत नसे. तो मोजकं बोलायचा.

एका मंगळवारी मी अंकलकडून शिकलेलं एक जुनं गाणं म्हटलं. संपल्यावर त्यानं गिटारवरचा हात उचलला आणि विचारलं, "बाई, तुम्ही आत्ता 'एकाकी खांब' म्हणालात का?"

"हो. पिलर. माय लोनली पिलर."

"पिलो," तो म्हणाला. "उशी. तो माणूस उशीवर डोकं ठेवून रडतो."

अंकलचे पुढचे दोन दात पडलेले होते, मी दहा वर्षांची होते आणि वहीत स्पष्ट 'पिलर' लिहिलेलं होतं. इतकी वर्षं त्या गाण्यात माझ्यासाठी एक माणूस भुसावळच्या तीन नंबर प्लॅटफॉर्मवर, लोखंडी खांबाला टेकून, गेलेल्या गाडीकडे बघत उभा होता. मी ते सगळं सांगितलं. जर्मन, इंग्रजी, जे सुचेल त्यात. ऐकता ऐकता अध्यक्षबाई डोळे पुसत हसायला लागल्या आणि मग मान्य केलं की त्यांनाही अर्ध्या गाण्यांचे शब्द नुसते आवाजानं पाठ आहेत.

अमेरिकन मात्र हसला नाही. त्यानं थोडा विचार केला. "खांबच ठेवा," तो म्हणाला. "उशीला काय, कोणीही रडतं."

तेव्हापासून आमच्या मंडळात ते गाणं खांबासकट म्हणतात.

दोन-तीन वर्षं अशी गेली. नवरा ध्वनियंत्रणेच्या वायरी गुंडाळायला लागला. सभासद व्हायला मात्र तयार नव्हता. "एका घरात एक काउबॉय पुरे," म्हणायचा. मग एका उन्हाळ्यात सासूबाई अमळनेरहून तीन महिन्यांसाठी आल्या. निवृत्त शिक्षिका, शब्दाला कडक. मंडळाच्या उन्हाळी जत्रेला त्यांना नेऊ की नको, ह्यावर घरात आठवडाभर चर्चा झाली. शेवटी त्याच म्हणाल्या, "मी काय साखरेची आहे का, विरघळायला?"

त्या सुती साडीत, पायात मोजे आणि सँडल घालून, लाकडी बाकावर ताठ बसल्या. शेजारी भाकरी-ठेच्याचा डबा. अध्यक्षबाईंनी ठेचा चाखला, पाणी मागितलं आणि पुन्हा चाखला. मी चार गाणी म्हटली. घरी येताना गाडीत सासूबाई म्हणाल्या, "आवाज चांगला लागतो गं तुझा. पण ह्या लोकांना सारखं कुठे जायचं असतं? प्रत्येक गाण्यात कोणी तरी घर सोडून चाललंय."

"आई, ती गाणीच तशी असतात."

"असतील," त्या म्हणाल्या. "आपलंही तसंच म्हणा." आणि मग, "वरचा सूर लावलास ना, तेव्हा गळ्याशी डाव्या बाजूला काही तरी हललं. कधीपासून आहे?"

मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. आरशासमोर उभी राहून गिळून पाहिलं तर सुपारीएवढी गाठ वरखाली झाली.

सासूबाई परत गेल्या त्यानंतर तपासण्या झाल्या. डॉक्टर ते स्पेशालिस्ट, स्पेशालिस्ट ते आणखी एक स्पेशालिस्ट, प्रत्येक ठिकाणी वेगळं युबरवाइझुंग, म्हणजे पुढच्यासाठी चिठ्ठी. गाठ थायरॉइडची होती, साधीच असावी, पण वाढत होती. काढायला हवी. शस्त्रक्रियेच्या आधी सर्जननं समजावून सांगितलं की स्वरयंत्राची नस तिथूनच जाते आणि क्वचित ती दुखावते. फॉर्मवर नजर ठेवून त्यानं विचारलं, "आवाज तुमच्या व्यवसायाचा भाग आहे का?"

मी म्हटलं, "नाही." मग म्हटलं, "हो." मग म्हटलं, "मी हौशी आहे."

त्यानं पेन थांबवलं. "काय गाता?"

"कंट्री."

तो हसला नाही, ह्याबद्दल मी त्याची अजून आभारी आहे. त्यानं ते फॉर्मवर लिहिलं.

शुद्धीवर आले आणि नर्सला पाणी मागितलं, तर तोंडातून नुसती हवा आली. गाठ साधी निघाली. पण नस दुखावली होती. कोणाची चूक नव्हती. सांगितलं होतं तसंच झालं होतं. एका बाजूचा स्वरतंतू हलत नव्हता. सहा महिन्यांत हलेल, कदाचित वर्ष लागेल, कदाचित नाही.

घरात आवाज नसणं म्हणजे काय ते सांगणं अवघड आहे. मी स्वयंपाकघरातून हाक मारू शकत नव्हते, तर ओट्यावर डाव आपटायचे. बेकरीत बोटानं दाखवायचे. फोन उचलायचे आणि तसाच ठेवायचे. आठवड्यातून दोनदा लोगोपेडीला, म्हणजे आवाजाच्या व्यायामाला जायचे. तिथे एक शांत बाई मला काचेच्या नळीतून पाण्यात बुडबुडे काढायला लावायची. घरी येऊन मी रडायचे. त्यालाही आवाज नव्हता.

एका रविवारी सासूबाईंचा फोन आला. नवरा बाहेर गेलेला. मी लेकीकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले, फोन घेतला, आणि कितीतरी वर्षांनी मी तिच्या तोंडून सलग मराठी ऐकलं.

"आज्जी, आईचा आवाज कापुट आहे. नाही, नाही, ती ठीक आहे. ती चहा पिते. हो, डॉक्टर बोलला. तो बोलला, थांबायचं आहे."

कापुट म्हणजे बिघडलेला. तिनं स्पीकर लावला. सासूबाईंचा आवाज खोलीभर झाला. "तिला सांग, आवाज बसलाय. गाणं बसलेलं नाही."

लेकीनं ते कळल्यासारखी मान हलवली आणि मग मला विचारलं, "बसलाय म्हणजे? खुर्चीवर?" मी हसले. म्हणजे खांदे हलले. त्यानंतर दर रविवारी तीच आज्जीशी बोलायची आणि मी शेजारी बसून ऐकायचे. तिची चुकलेली लिंगवचनं मला दुरुस्त करता येत नव्हती, आणि मला वाटतं म्हणूनच ती न घाबरता बोलत राहिली.

मंगळवारी मात्र मी गेले नाही. एक महिना, दोन महिने. तिथे नुसतं बसून दुसऱ्यांची गाणी ऐकायची, ते मला झेपलं नसतं. शेवटी मी मंडळाला पत्र लिहिलं. रीतसर क्युंडिगुंग, राजीनामा; खाली सही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दाराची बेल वाजली. अध्यक्षबाई. हातात माझं पत्र. पोस्टमनच्या सवयीनं त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"आल्झो," त्या म्हणाल्या, म्हणजे 'तर मग'. "पत्र मिळालं. पण आपल्या नियमात लिहिलंय, राजीनामा वर्षअखेरीलाच लागू होतो. आत्ता फेब्रुवारी आहे. तोवर तू सभासद. आणि सभासद मंगळवारी येतात."

मी गळ्याकडे बोट दाखवलं.

"माहीत आहे. गळ्याला कोण बोलावतंय?" त्यांनी पिशवीतून एक खंजिरी काढून माझ्या हातात ठेवली. "वाजवणारी वारली तेव्हापासून कपाटात पडून आहे. तुझा ठेका बरा आहे. तुझ्या नवऱ्याचा नाही, मी पाहिलंय."

मग त्या आत आल्या, चहा प्यायल्या आणि गावातल्या कुत्र्यांबद्दल बोलत राहिल्या. माझ्याकडून उत्तराची अपेक्षाच नव्हती. तशी पाहुणी मला त्या दिवसांत दुसरी भेटली नाही. बाकीचे सगळे माझ्याशी बोलताना स्वतःही कुजबुजायचे.

मी खंजिरी वाजवायला लागले. पहिल्या मंगळवारी घसा नाही, हात दुखले. गाणारीला कधी कळत नाही अशा पुष्कळ गोष्टी मला मागच्या बाकावरून दिसल्या. अध्यक्षबाई अवघड जागी डोळे मिटतात. अमेरिकन गाणाऱ्याचा श्वास ऐकून मग तार ओढतो. सुतार नेहमी घाई करतो आणि सगळे त्याला सांभाळून घेतात. माझ्यासाठीही त्यांनी असंच काही केलं असणार, आणि मी आपली समोर बघून गात होते.

आठव्या महिन्यात पाण्यातल्या बुडबुड्यांच्या मागून एक सूर निघाला. जाड, खरखरीत, आधीच्या माझ्या आवाजाच्या किती तरी खालचा. व्यायामाच्या बाईनं टाळी वाजवली. मला तो परक्याचा वाटला. मंगळवारी मी तो अमेरिकनला ऐकवला, सगळे यायच्या आधी, चोरून. त्यानं स्टील गिटारवर तो सूर शोधला. शोधत शोधत खाली गेला.

"हा तर पुरुषाचा आवाज आहे," मी खरखरत म्हटलं.

"रात्रभर ट्रक चालवून आलेल्या बाईचा आहे," तो म्हणाला. "ह्या गाण्यांना असाच लागतो. आधीचा फारच स्वच्छ होता."

तो खोटं बोलत असेलही. पण त्यानं त्या आठवड्यात माझी सहा गाणी चार-चार सुरांनी खाली उतरवून लिहून आणली, स्वच्छ अक्षरात, बसच्या जुन्या वेळापत्रकांच्या पाठीमागे.

शरद ऋतूतल्या कार्यक्रमात मी पुन्हा माइकपुढे उभी राहिले. एकच गाणं. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात, साध्याशा जागी, आवाज फाटला आणि पुढे काहीच येईना. वाद्यं दोन मात्रा चालली आणि थांबली. हॉलमध्ये काटेचमचे वाजत होते. नवरा वायरींच्या गुंडाळीवर हात ठेवून तसाच उभा. मी स्टेजवरून उतरायला वळले. तेवढ्यात अध्यक्षबाई माइकमध्ये, रोजच्या आवाजात म्हणाल्या, "दुसरं कडवं. पुन्हा." आणि पायानं ठेका दिला, जणू सुतारच घाईत चुकला होता.

मी पुन्हा म्हटलं. ते गेलं. खरं सांगायचं तर अर्ध्या हॉलला काही झालं हेच कळलं नाही. ते सॉसेज खात होते. ज्यांना कळलं त्यांनी इतरांइतक्याच टाळ्या वाजवल्या, जास्त नाही. मला तेच हवं होतं.

वरचे सूर परत आले नाहीत. आता मी दुसरा आवाज धरते, मुख्य गाणाऱ्याच्या खाली. त्यात आधी वाटलं नव्हतं इतकं सुख आहे. सासूबाईंना लेकीनं एकदा फोनवर रेकॉर्डिंग ऐकवलं. त्या म्हणाल्या, "तू कुठाय ह्यात?" लेक म्हणाली, "खाली, आज्जी. नीट ऐक. खाली आहे ती."

वर्षअखेर आली तेव्हा माझ्या राजीनाम्याचं कोणी काही काढलं नाही आणि मीही नाही. पुढच्या वार्षिक सभेत मंडळाचं इतिवृत्त लिहायचं पद रिकामं झालं. अध्यक्षबाईंनी कोणाला न विचारता माझं नाव घेतलं. मी घाबरून म्हटलं, "माझं जर्मन चुकतं."

"तर आपली गाणी काय बरोबर असतात?" त्या म्हणाल्या. "कोण बाजूनं आहे?"

हात वर झाले. सुताराचा, बँकेतल्या बायकांचा, अमेरिकनचा. मी मोजत गेले आणि शेवटच्या बाकावर थांबले. तिथे नवऱ्यानंही हात वर केला होता, चांगला कोपरापासून ताठ.

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला मत नाही. तुम्ही सभासद नाही."

तो उठून पुढे आला आणि म्हणाला, "मग अर्ज द्या."